औषध सुरू झाल्यानंतरचे सहा आठवडे
वसतिगृहातील नैराश्य, औषधांचे दुष्परिणाम आणि व्यवस्थेतील रिकामी जागा

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी पंधरा निर्देश दिले. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीचा २०२३ मध्ये मृत्यू झाला होता. त्या प्रकरणाच्या निकालात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या पीठाने स्पष्ट केले की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमला पाहिजे. याविषयी कायदा होईपर्यंत हे निर्देश देशभर बंधनकारक आहेत.

त्याआधी चार महिने, मार्च २०२५ मध्ये, उच्च शिक्षणसंस्थांमधील आत्महत्या रोखण्यासाठी याच न्यायालयाने माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल स्थापन केले होते. या प्रश्नाची दखल सर्वोच्च पातळीवर घेतली गेली, ही समाधानाची बाब आहे. तथापि न्यायालयीन निर्देश, शासकीय परिपत्रके आणि साहाय्यवाहिन्या यांचा भर मुख्यतः दोन टोकांवर राहिला आहे. विद्यार्थ्याने प्रथम मदत मागावी हे एक टोक. त्याने जिवाचे बरेवाईट करून घेऊ नये हे दुसरे. या दोहोंच्या मध्ये जो दीर्घ काळ जातो, म्हणजे निदान झाले, औषध सुरू झाले आणि विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत परतला, तेथून पुढचा काळ मात्र कोणाच्याच जबाबदारीत स्पष्टपणे येत नाही. अनेक उपचार तेथेच अर्ध्यावर सुटतात.

श्रीपेरुंबुदूरचे चित्र

ही रिकामी जागा कशी दिसते, हे पाहण्यासाठी चेन्नईजवळचे श्रीपेरुंबुदूर हे उदाहरण उपयुक्त ठरेल. मराठी वाचकांना हे नाव प्रामुख्याने २१ मे १९९१ रोजी तेथे झालेल्या राजीव गांधी यांच्या हत्येमुळे परिचित आहे. वैष्णव परंपरेत ते रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानले जाते. चेन्नईपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, बेंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गालगतचे हे गाव गेल्या तीन दशकांत पूर्णपणे पालटले. परिसरात १९९८ पासून ह्युंदाईच्या मोटारी तयार होतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे मोठे कारखाने आहेत. महामार्गाच्या दोन्ही अंगांना अभियांत्रिकी आणि अन्य व्यावसायिक महाविद्यालयांची रांगच उभी राहिली आहे. युवकांच्या विकासासाठी केंद्र शासनाने स्थापन केलेली राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्थाही येथेच आहे. ही संस्था १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

थोडक्यात, अठरा ते पंचवीस या वयोगटातील, घरापासून दूर राहणाऱ्या तरुणांची ही दाट वस्ती आहे. चेन्नई परिसरातील खासगी विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत अन्य राज्यांतून, महाराष्ट्रातूनही, विद्यार्थी येतात. त्यांच्या भोवतीची भाषा तमिळ असते आणि वर्गातील भाषा इंग्रजी. राहिलेल्या विषयाला महाराष्ट्रात ‘केटी’ म्हणतात, येथे ‘अरियर’ म्हणतात. नाव बदलले तरी पोटात पडणारा गोळा तोच असतो.

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. लातूर किंवा जळगावसारख्या गावातून आलेला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. दोन महिन्यांपासून त्याला झोप नाही, अन्नावर वासना नाही, वाचलेले डोक्यात राहत नाही. वर्गमित्राच्या आग्रहाने तो महाविद्यालयाच्या समुपदेशकाकडे जातो, तेथून मानसोपचारतज्ज्ञाकडे. तज्ज्ञ नैराश्याचे निदान करून गोळ्या लिहून देतात आणि महिन्याने यावयास सांगतात. येथवर व्यवस्थेने आपले काम केले, असे कागदोपत्री म्हणता येईल. विद्यार्थ्याची खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशीच्या सकाळी सुरू होते.

आधी त्रास, मग गुण

नैराश्यविरोधी औषधांचा एक स्वभाव सर्वसामान्यांना ठाऊक नसतो. आज प्रामुख्याने वापरली जाणारी औषधे, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन किंवा एस्सिटालोप्राम, मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याच्या देवाणघेवाणीवर परिणाम करतात. त्यांचे दुष्परिणाम पहिल्या काही दिवसांतच जाणवू लागतात. गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे आणि पुरेसा गुण येण्यास सहा ते आठ आठवडेही लागतात. म्हणजे प्रारंभी रुग्णाच्या पदरी त्रास पडतो आणि दिलासा उशिराने येतो. तापाच्या गोळीची सवय असलेल्या समाजाला हा क्रम उलटा वाटतो.

मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, तोंडाला कोरड, हातांना सूक्ष्म कंप, घाम, अस्वस्थता, कोणाला झोप उडणे तर कोणाला दिवसभर गुंगी, हे प्रारंभीचे नेहमीचे त्रास होत. यांपैकी बरेच एकदोन आठवड्यांत ओसरतात. काही औषधांनी पुढे वजन वाढते. लैंगिक इच्छा किंवा क्षमता मंदावणे हा दुष्परिणाम बऱ्याच रुग्णांत आढळतो आणि तो आपोआप ओसरेलच असे नसते. विशीतील मुलगा किंवा मुलगी हे डॉक्टरांना आपणहून सांगण्याची शक्यता कमी. म्हणून ते विचारण्याची जबाबदारी डॉक्टरांवर येते.

हे त्रास वैद्यकीय दृष्टीने किरकोळ असले तरी विद्यार्थ्याच्या दिनक्रमात ते किरकोळ राहत नाहीत. सकाळी साडेआठच्या तासाला गुंगीत बसणे, प्रयोगशाळेत कापत्या हाताने उपकरण धरणे, मेसमधील सांबारभात समोर येताच मळमळणे, चेन्नईच्या दमट उकाड्यात घामाने निथळणे, हे सारे त्याला इतरांच्या देखत सोसावे लागते. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम डोक्यावर असतोच. नैराश्यामुळे आधीच बुडालेल्या तासांत औषधामुळे आणखी चार तासांची भर पडते. ‘गोळ्यांनी तर जास्तच बिघडले’ असा निष्कर्ष काढून तो तिसऱ्या आठवड्यात गोळ्या बंद करतो. त्या काळात गुण येण्याची वेळ नुकतीच जवळ आलेली असते.

पहिल्या आठवड्याचे महत्त्व

या वयोगटाच्या बाबतीत आणखी एक कारणाने हा काळ नाजूक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये नैराश्यविरोधी औषधांच्या वेष्टनावर गंभीर इशारा छापणे सक्तीचे केले. मुले आणि किशोरवयीन यांच्यावरील चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे चार टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत सुमारे दोन टक्के आढळले होते. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. २००७ मध्ये हा इशारा चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवण्यात आला. पंचविशीनंतरच्या प्रौढांत ही वाढ दिसून आली नाही.

या इशाऱ्याचा अर्थ औषध घेऊ नये असा नाही. उपचार न केलेले नैराश्य हाच मोठा धोका आहे. अर्थ इतकाच की, या वयात औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रुग्णावर बारकाईने लक्ष असावे. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्था ‘नाइस’ने २०२२ मध्ये सुधारित केलेल्या सूचना याबाबत नेमक्या आहेत. अठरा ते पंचवीस वयाच्या रुग्णाला औषध सुरू केल्यास एका आठवड्यात त्याची फेरतपासणी करावी, असे त्या सांगतात. आपल्याकडे पुढील भेट बहुधा महिन्याने ठरते. गर्दी, अंतर आणि शुल्क पाहता त्यात डॉक्टरांना दोष देणे अन्यायाचे होईल. भारतात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही; हे प्रमाण ०.७५ च्या आसपास सांगितले जाते. परंतु त्या महिन्याच्या आत विद्यार्थ्याला कोणीतरी, किमान एकदा, ‘गोळ्या कशा चालल्या आहेत?’ असे विचारावे, यासाठी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असे नाही. संस्थेतील समुपदेशक किंवा परिचारिका ते करू शकते.

औषधे कितपत उपयोगी?

दुष्परिणामांची चर्चा करताना मूळ प्रश्नही टाळता येत नाही. ही औषधे खरोखर उपयोगी आहेत काय? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण यांचा विचार झाला. तपासलेली सर्व एकवीस औषधे प्रौढांमधील तीव्र नैराश्यात औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली. मात्र हा फरक सरासरीने मध्यम स्वरूपाचाच होता. दुसरीकडे, २०२२ मध्ये लंडनमधील संशोधकांच्या एका आढाव्याने ‘सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येते’ या सोप्या समीकरणाला पुरावा नसल्याचे मांडले. त्यावर बराच वाद झाला. आजार कशाने होतो आणि औषध उपयोगी पडते की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे मात्र त्या वादातून सर्वसामान्य वाचकाने लक्षात घ्यावे.

सौम्य नैराश्यात औषधाने सुरुवात करण्याची सरसकट गरज नसते. संभाषणाधारित उपचार, नियमित व्यायाम, झोपेची शिस्त यांना तेथे अग्रक्रम दिला जातो. मध्यम आणि तीव्र नैराश्यात औषध व मानसोपचार यांची जोड अधिक फलदायी ठरते. पहिलेच औषध प्रत्येकाला लागू पडते असेही नाही. अनेकांना मात्रा किंवा औषध बदलावे लागते. तरुण वयातील पहिले नैराश्य पुढे कधी द्विध्रुवीय विकाराचा भाग असल्याचे उघड होते, आणि अशा रुग्णात केवळ नैराश्यविरोधी औषधाने उन्मादाची अवस्था उद्भवू शकते. म्हणून घराण्यात तसा आजार कोणाला होता काय, हे डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे. नाव जाईल या भीतीने ही माहिती दडवली जाते आणि किंमत मुलाला मोजावी लागते.

सुटीतील खंड

औषध सुटण्याचा दुसरा प्रसंग सुटीत येतो. दिवाळीला किंवा सत्राच्या अखेरीस विद्यार्थी गावी जातो. घरी आजाराविषयी सांगितलेले नसते. गोळ्यांची पाकिटे आईच्या हाती लागतील म्हणून तो ती वसतिगृहातच ठेवतो, किंवा घरी सांगितल्यास ‘या गोळ्यांची सवय लागते, बंद कर’ असा सल्ला मिळतो. चारपाच दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखी जाणीव असे त्रास सुरू होतात. आजार उलटला, असे त्याला वाटते.

ही व्यसनाची लक्षणे नव्हेत. दारूप्रमाणे या औषधांची ओढ लागत नाही. परंतु ती एकदम थांबवल्यास शरीराला जुळवून घ्यावे लागते, हे खरे आहे. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये २०२४ साली आलेल्या विश्लेषणानुसार औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के रुग्णांना असे त्रास झाले, परंतु औषधविरहित गोळी थांबवणाऱ्यांतही ते सुमारे १७ टक्क्यांना झाले. म्हणजे औषधामुळे असा त्रास होण्याचे प्रमाण साधारणतः सहा-सात जणांत एक इतके येते. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन या औषधांत तो अधिक, तर शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लुओक्सेटीनमध्ये कमी असतो. उपाय साधा आहे. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे, स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये.

दैनंदिन व्यवहारातही काही गोष्टी साध्या आहेत, परंतु त्या कोणी सांगत नाही. मळमळ होत असल्यास बहुतेक गोळ्या जेवणानंतर घेता येतात. झोप उडत असल्यास सकाळी आणि गुंगी येत असल्यास रात्री अशी वेळ बदलता येते काय, हे डॉक्टरांना विचारावे. दुखणे थांबवणाऱ्या काही गोळ्या आणि खोकल्याची काही औषधे यांच्याशी या औषधांचे पटत नाही. म्हणून दुकानातून परस्पर औषध घेण्यापूर्वी चालू गोळ्यांचे नाव सांगावे. मद्य टाळावे. दोन ओळींची रोजची नोंद ठेवावी, झोप किती, त्रास कोणता. पुढील भेटीत दहा मिनिटांच्या वेळेत ही नोंद मोठे काम करते. मात्र अंगात अकारण प्रचंड तगमग, झोपेविना अतिउत्साह किंवा जगणे नकोसे वाटण्याचे विचार आल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा.

कायदा काय देतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातील तीन तरतुदी वसतिगृहातील विद्यार्थ्याच्या थेट उपयोगाच्या आहेत. कलम १८ अन्वये शासनाच्या किंवा शासकीय अनुदानित आरोग्यसेवेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्क असून, तेथे अत्यावश्यक औषधे विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. कलम २३ रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचे रक्षण करते. कलम १४ अन्वये कोणत्याही सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर लिहून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. ज्याला घरी सांगण्याचे धैर्य होत नाही, त्याला विश्वासातील मित्र, थोरला भाऊ किंवा आत्या यांपैकी कोणालाही या कामी नेमता येईल. ही तरतूद विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे हे कोणत्याही संस्थेला एका फलकाच्या खर्चात शक्य आहे.

चेन्नईच्या परिसरात सेवांची परंपराही जुनी आहे. किल्पाक येथील शासकीय मानसिक आरोग्य संस्थेचा उगम १७९४ मधील आहे. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी स्थापन केलेली ‘स्नेहा’ ही आत्महत्या प्रतिबंधक संस्था १९८६ पासून कार्यरत आहे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना वर्ष वाया न घालवता अल्पावधीत फेरपरीक्षेची संधी देण्याचा निर्णय तमिळनाडूने २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात घेतला, त्यामागे या क्षेत्रातील जाणकारांचा पाठपुरावा होता. परीक्षेच्या वेळापत्रकातील बदलही मनाच्या आरोग्याचा उपाय ठरू शकतो, हा त्यातील धडा आहे.

भाषेची अडचण

परप्रांतातील विद्यार्थ्याला आणखी एक अडथळा असतो, तो भाषेचा. ‘जीव रमत नाही’, ‘काही सुचत नाही’, ‘अंगात त्राण नाही’ हे इंग्रजीत सांगताना त्याचा ‘थकवा’ एवढाच अर्थ उरतो. दुष्परिणामांचेही तसेच. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर भाषा निवडण्याची सोय आहे आणि मराठीचाही त्यात समावेश आहे. आपल्या भाषेत बोलून मन मोकळे करण्यास आणि औषधाविषयीची शंका विचारण्यास हा मार्ग आहे. प्रत्यक्ष तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही.

महाराष्ट्राने काय करावे?

हा प्रश्न केवळ दूर दक्षिणेतील मुलांचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रात आणि १,४१६ तमिळनाडूत झाल्या. ही दोन राज्ये यादीत पहिल्या दोन क्रमांकांवर होती. यातील प्रत्येक मृत्यूमागे नैराश्यच असते असे म्हणता येत नाही. जातीय अवहेलना, कर्ज, छळ, अपयश अशी अनेक कारणे त्यांत गुंतलेली असतात आणि गोळीने ती दूर होत नाहीत. तरीही बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तीव्र नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नसल्याचे आढळले होते. त्या बारा राज्यांत तमिळनाडू होते, महाराष्ट्र नव्हता.

न्यायालयाच्या निर्देशांची अंमलबजावणी करताना केवळ समुपदेशकाची नेमणूक झाली की काम संपले, असे होऊ नये. औषध सुरू झालेल्या विद्यार्थ्याशी पहिल्या आठवड्यात आणि पुढे सहा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने संपर्क, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर हजेरीत आणि परीक्षेत मर्यादित सवलत, सुटीवर जाताना उपचारांचा सारांश सांगणारे एक पानी पत्र, आणि या सर्वांत गोपनीयता, एवढ्या चार गोष्टी संस्थेच्या लेखी धोरणात सहज बसतात. त्यांना मोठा निधी लागत नाही. विद्यार्थ्याचे नाव लक्षात ठेवणारे एक माणूस मात्र लागते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या मराठी चित्रपटाला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सुवर्णकमळ पुरस्कार मिळाला, तो याच विषयावर होता. त्यातील तरुण बरा होतो तो घाई न करणाऱ्या माणसांच्या सहवासात. वसतिगृहातील मुलाला तसा समुद्रकिनारा लाभणार नाही. निदान पहिल्या सोमवारी त्याच्या दारावर कोणी टकटक करून ‘जेवलास का? झोप लागली का? गोळ्या चालू आहेत ना?’ एवढे विचारावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.